गाजरगवत, वावडे आणि व्यायाम



१९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत आज गावोगाव, शाळेच्या आवारातही फोफावले आहे. त्याच्या परागकणांनी कित्येकांना शिंका येतात, दमा बळावतो. स्पर्शाने त्वचेला खाज सुटते. हीच अ‍ॅलर्जी, म्हणजे वावडे.

वावडे व्यायामाने नाहीसे होत नाही. मात्र नियमित चालण्याने व खेळाने शरीराची दमश्वास टिकवण्याची ताकद वाढते. म्हणून दमेकरी मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने, प्रथम हलक्या हालचाली करवून त्याला खेळू द्यावे. फवाऱ्याचे औषध जवळ असावे. ते परस्पर बंद करू नये. शेतातून आल्यावर हातपाय व चेहरा धुवावा, कपडे बदलावेत. अंथरुणे कढत पाण्यात धुवावीत. घरात धूर व विडी नको.

परंतु एकट्याचे पथ्य पुरेसे नाही. पावसाळ्यात, फुलोरा येण्यापूर्वीच, ग्रामपंचायतीने हे गवत मुळासकट उपटवावे. उपटणाऱ्यांना हातमोजे व नाकातोंडावर फडके द्यावे. दमेकऱ्यांना या कामापासून दूर ठेवावे. यंदाच्या श्रमदानाचा पहिला दिवस आपण या कामासाठी राखून ठेवावा, ही विनंती.