एक वही, दोन टेबलं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "तू नक्की काय काम करतोस ते एकदा सांगून टाक, आम्हाला कुणालाच ते कळत नाही." सगळं सांगत बसलो तर जेवणं थंड होतील, म्हणून एकच गोष्ट सांगतो. एकाच वेळी अनेक कामं चालू असली की संगणकात घोटाळा कसा होतो आणि तो कसा टाळतात. आमच्या धंद्यात याला कन्करन्सी म्हणतात. हा शब्द तूर्त बाजूला ठेवा आणि वर्गणीच्या वहीकडे या.

बाहेर मंडपात वर्गणीची दोन टेबलं मांडली आहेत. समजा, एकूण जमेची वही एकच आहे आणि ती ऑफिसात ठेवली आहे. पहिल्या टेबलावरचा दादा आत जाऊन बघतो, वहीत ४८,००० आहेत. त्याच्याकडे २,००० आले आहेत. आकडा मनात धरून तो टेबलाशी येतो आणि बेरीज करतो. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरची ताई आत जाते. तिलाही ४८,००० दिसतात. तिच्याकडे ५,००० आलेत, म्हणून ती ५३,००० लिहून येते. मग दादा परत जातो, आधीचा आकडा खोडतो आणि ५०,००० लिहितो.

वहीत ५५,००० हवेत, आहेत ५०,०००. ताईचे ५,००० गेले कुठे? कुणी खिशात घातले नाहीत, कुणाची बेरीज चुकली नाही. दोघांना वेगवेगळं बसवून हिशेब तपासलात तर दोघंही बरोबर निघतील. चूक दोघांपैकी एकाच्याही कामात नाही, ती दोघांच्या कामांच्या मधल्या फटीत आहे. म्हणूनच ती सापडत नाही.

इथे गणिताचे सर बसले आहेत, म्हणून जरा गणित. वही पाहणं, बेरीज करणं, लिहिणं अशा प्रत्येकाच्या तीन पायऱ्या. दोघांच्या मिळून सहा. प्रत्येकाचा स्वतःचा क्रम न बिघडवता या सहा पायऱ्या एकमेकींत मिसळण्याचे प्रकार होतात २०. त्यांतल्या फक्त दोन प्रकारांत उत्तर बरोबर येतं: आधी दादाचं सगळं आणि मग ताईचं, किंवा उलट. उरलेल्या १८ प्रकारांत कुणाचे तरी पैसे बुडतात. तीनऐवजी प्रत्येकाच्या दहा पायऱ्या घेतल्या तर मिसळण्याचे प्रकार १,८४,७५६ होतात. खऱ्या प्रोग्रॅममध्ये पायऱ्या लाखोंनी असतात. सगळे प्रकार तपासून पाहू म्हणणाऱ्याला जन्म पुरणार नाही.

मग रोज सगळं कोसळत का नाही? कारण संगणक या तीन पायऱ्या सेकंदाच्या काही अब्जांश भागात उरकतो आणि दोन कामं नेमकी त्याच क्षणी एकमेकांत घुसणं दुर्मीळ असतं. ऑफिसात चाचणी घेतली, हजार वेळा चालवलं, हजार वेळा बरोबर. दिवाळीच्या खरेदीला लाखो लोक एकदम आले की मग घुसतं. आणि चूक शोधायला बसलात की पुन्हा हजार वेळा बरोबर!

मुलांनो, "माझ्या मशिनवर तर चालतंय" हे वाक्य या बाबतीत पुरावा म्हणून चालत नाही. कॉलेजात हा विषय "रेस कंडिशनची व्याख्या लिहा, चार गुण" इतकाच उरतो याचा मला राग आहे. मुलाखतीला येणारी मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण पाच ओळींचा प्रोग्रॅम समोर ठेवला तर त्यात फट कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

एक खुलासा. अनेक कामं हाताशी असणं आणि अनेक हात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी एकटी आई कुकर, भाजी, पोळ्या आणि डबे सगळं आलटून पालटून सांभाळते, ती कन्करन्सी. आत्या मदतीला आली आणि दोघींनी दोन तव्यांवर पोळ्या सुरू केल्या की ते समांतर काम. घोटाळा दोन्हींत होऊ शकतो. फक्त २००५ च्या सुमारास उष्णतेमुळे प्रोसेसरचा वेग वाढवणं अवघड झालं, तेव्हा कंपन्यांनी एकाच चिपवर दोन, चार, आठ मेंदू बसवायला सुरुवात केली. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही तेच आहे. त्यामुळे पूर्वी मोजक्या तज्ज्ञांची असलेली ही डोकेदुखी सगळ्यांची झाली.

उपाय सोपा वाटतो: वहीच्या खोलीला कुलूप लावा, किल्ली एकच ठेवा. ज्याच्याकडे किल्ली तो आत, बाकीचे बाहेर. नेदरलँड्सच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये या प्रश्नाची नेमकी मांडणी केली आणि कितीही कामं असली तरी एका वेळी एकच आत जाईल असा उपाय छापला. यासाठी त्यांनीच जे साधन दिलं त्याचं नाव सेमाफोर. आपल्यापैकी ज्यांचे वडील रेल्वेत होते त्यांना हा शब्द नवा नाही. स्टेशनाबाहेरचा तो हात वर-खाली होणारा सिग्नल म्हणजे सेमाफोर. टोकन पद्धतीच्या एकेरी लोहमार्गावर ड्रायव्हरला टोकन मिळाल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, हा नियमही तोच. टोकन एक, म्हणून त्या टप्प्यात गाडी एक.

पण कुलूप आलं की नवी दुखणी येतात. पावती द्यायला वही आणि शिक्का दोन्ही लागतात असं धरा. दादाने वही उचलली आणि शिक्क्याची वाट पाहतोय. ताईने शिक्का उचलला आणि वहीची वाट पाहतेय. दोघं सज्जन, दोघं शांत, आणि दोघं संध्याकाळपर्यंत तसेच. याला डेडलॉक म्हणतात. पुस्तकांत यासाठी गोल टेबलाभोवती बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचं आणि पाच काट्यांचं उदाहरण असतं, जेवायला प्रत्येकाला दोन काटे हवेत. हाताने जेवणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न पडलाच नसता, पण ते असो. तोड साधी आहे: सगळ्यांनी आधी वहीच उचलायची, मग शिक्का. क्रम ठरला की अडकणं संपतं.

दुसरं दुखणं १९९७ मध्ये मंगळावर दिसलं. ४ जुलैला पाथफाइंडर यान तिथे उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. काय झालं होतं ते आपल्या शाळेत बसवून सांगतो. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आहे आणि मुख्याध्यापकांना ती तातडीने हवी आहे. मामा किल्ली द्यायला निघतात तोच क्लार्क म्हणतात, आधी चहा आणा, आधी झेरॉक्स काढा. मामांपेक्षा क्लार्क वरचे, मामा थांबतात. म्हणजे प्रत्यक्षात मुख्याध्यापक क्लार्कसाठी खोळंबले! यानात हवामानाची माहिती गोळा करणारं काम मामांच्या जागी होतं. एक महत्त्वाचं काम वेळेत होत नाही हे दिसताच यान स्वतःला पुन्हा सुरू करत होतं. उपाय पृथ्वीवरून पाठवला: मुख्याध्यापकांना हवी असलेली किल्ली मामांच्या हातात असेल, तोवर मामांचा हुद्दा मुख्याध्यापकांचा.

तिथे माणूस नव्हता. थेरॅक-२५ या यंत्रापुढे होता. कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर मारा झाला, आणि त्यांतल्या काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. टेक्सासमधल्या घटनांमध्ये घडलं ते असं. ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप केला, लगेच लक्षात आलं, कर्सर वर नेऊन दुरुस्त केला. ती कामात मुरलेली होती, तिचा हात चपळ होता. यंत्रातले चुंबक जुळायला सुमारे आठ सेकंद लागायचे आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळायची, दुसऱ्याला नाही. पडद्यावर सगळं ठीक. सावकाश टाइप करणाऱ्या नवख्या माणसाच्या हातून हे घडलंच नसतं. शेवटी तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्या ऑपरेटरने बसून, पुन्हा पुन्हा भरभर टाइप करून ती चूक घडवून दाखवली, तेव्हा कुठे ती मान्य झाली. आधीच्या थेरॅक-२० मध्येही अशीच चूक होती असं नंतर कळलं. पण त्यात यांत्रिक अटकाव होते, म्हणून कुणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात प्रोग्रॅमवर विश्वास टाकून ते काढून टाकले होते.

इथल्या कितीतरी मुलामुलींच्या हातून उद्या इस्पितळांचे, बँकांचे, रेल्वेचे प्रोग्रॅम लिहिले जाणार आहेत. म्हणून शिकायचं कसं ते सांगतो. सुरुवात संगणकावर करू नका. दोन मित्र, दोन पेन्सिली आणि एक कागद घ्या आणि ते २० प्रकार हाताने मांडा. मग जावामध्ये एक आकडा शून्यावर ठेवून दोन थ्रेडना प्रत्येकी दहा लाख वेळा त्यात एक मिळवायला सांगा. वीस लाख यायला हवेत. बहुधा कमी येतील, आणि दर वेळी वेगळे. पायथनमध्ये कदाचित उत्तर बरोबर येईल, त्याला भुलू नका. त्यानंतरच कुलूप लावायला शिका आणि ते किती वेळ धरलंय ते मोजा. आणि मग स्वतःला विचारा की वही दोघांनी हाताळायलाच हवी का? टोनी होअर यांनी १९७८ मध्ये दुसरी वाट दाखवली: कामांनी एकमेकांना नुसते निरोप द्यावेत. वही एका ताईकडेच राहील, बाकीच्यांनी रक्कम चिठ्ठीवर लिहून पाठवायची. मला स्वतःला ही पद्धत जास्त आवडते. ताईपुढे चिठ्ठ्यांचा ढीग साचतो हे खरं, पण ढीग निदान डोळ्यांना दिसतो.

जेवणानंतर तीन वाजता मी संगणक कक्षात थांबणार आहे. दहा लाखांचा प्रयोग तिथे करू. येताना वही आणि पेन्सिल आणा, आणि मोठ्यांपैकी कुणाला यायचं असेल तर त्यांनीही या. वर्गणीची टेबलं मात्र दोन आहेत आणि वही एक, हे मी सकाळीच खजिनदारांच्या कानावर घातलं आहे.