मागच्या प्रसंगाची आठवण



मी शाळेत इतिहास शिकवितो. विमानांशी माझा संबंध डोक्यावरून जाणाऱ्या आवाजापुरताच. तरीही आज विमानांविषयीच बोलणार आहे.

आकाशात विमानांना वाट करून देणारा माणूस जमिनीवर, रडारच्या पडद्यापुढे बसलेला असतो. त्याला नियंत्रक म्हणतात. दोन विमाने एकमेकांच्या वाटेत येऊ लागली की कोणाला वर जा, कोणाला खाली या हे तो सांगतो. नियम त्याला पाठ असतातच. परंतु अनुभवी नियंत्रकाला, असेच पूर्वी एकदा घडले होते, हेही आठवते. वकील जुने निवाडे काढतो, डॉक्टरला मागचा रोगी आठवतो, तसेच हे. हीच रीत संगणकाला शिकविण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केला आहे. जुना प्रसंग, तेव्हाचा निर्णय व त्याचा परिणाम अशी नोंद संगणकात ठेवायची. नवा प्रसंग आला की त्याच्याशी मिळताजुळता जुना शोधायचा, उपायात जरूर तो बदल करायचा आणि शेवटी ह्या नव्या प्रसंगाचीही नोंद करायची. अमेरिकेतील येल विद्यापीठात रॉजर शँक व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास ह्या विचाराचा पाया घातला. सल्ला यंत्राने द्यावा. निर्णय मात्र अजूनही नियंत्रकच घेतो.

ऐकायला सोपे वाटते. पण 'मिळताजुळता' म्हणजे काय?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र दोन्ही विमानांत नव्हते. पुढे आपल्या सरकारने ते सक्तीचे केले. उपाय योग्यच होता.

आता १ जुलै २००२ ची रात्र पाहा. दक्षिण जर्मनीतील उबरलिंगेनवर दोन विमाने आदळली, ७१ जण गेले. त्यांत बरीचशी सहलीला निघालेली रशियातील शाळकरी मुले होती. मला तर ते वाचताना आपल्याच शाळेची सहल दिसू लागली. वरवर पाहता ही दादरीचीच पुनरावृत्ती. परंतु येथे दोन्ही विमानांत ते यंत्र होते व चालूही होते! रशियन विमानाला यंत्र म्हणाले वर जा. झुरिकचा नियंत्रक म्हणाला खाली या. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमान यंत्राच्या सांगण्यावरून खालीच येत होते.

ह्या घटनेचा खरा जुळा भाऊ दादरीत नाही, जपानमध्ये आहे. ३१ जानेवारी २००१ रोजी तेथील दोन विमानांवर हाच प्रसंग आला होता. यंत्र एक सांगे, नियंत्रक दुसरे. थोडक्यात टक्कर टळली, सुमारे शंभर जण जखमी झाले, मृत्यू एकही नाही. म्हणजे धडा सतरा महिने आधी हाती आलेला होता. यंत्राचा आदेश आधी पाळावा, हे आंतरराष्ट्रीय नियमांत निःसंदिग्धपणे आले ते २००३ मध्ये.

नोंद असूनही वेळेवर उपयोगी पडली नाही. मग जी चूक कोणी सांगितलीच नाही, तिची नोंद कशी होणार? म्हणून अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक व नियंत्रक आपल्या चुका 'नासा' ह्या संस्थेला लिहून कळवितात. ती संस्था शिक्षा करणारी नाही, आणि नोंद ठेवताना नावगाव काढून टाकले जाते.

मित्रहो, गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाने तपासलेल्या उत्तरपत्रिकेचे पान फाडून टाकले. घरी मार बसेल म्हणून. त्याचे नाव मी सांगणार नाही. तीच चूक त्याने वार्षिक परीक्षेत पुन्हा केली, आणि पहिली कशी झाली हे पाहायला त्याच्याजवळ पान नव्हते. त्याला रागे भरताना माझ्या ध्यानात आले, की फाडलेल्या पानावर मी लाल शाईने फक्त फुली मारली होती. चूक कोठे झाली ते लिहिलेच नव्हते. यंदा मी फुलीशेजारी दोन ओळी लिहितो. पुढच्या आठवड्यात सहामाहीच्या उत्तरपत्रिका आपल्या घरी येतील. पालकहो, सही करण्याआधी त्या दोन ओळी मुलाकडून वाचून घ्या.