पेन्सिल मुलाच्या हाती राहो



मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवात नाटके, गायन आणि गणेशोत्सव यांविषयी पुष्कळ बोलले गेले. सभागृहामागच्या लहान खोलीत सायंकाळी भरणाऱ्या अभ्यासवर्गाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. त्रिकोणमिती आणि पदार्थविज्ञान यांची अडलेली उदाहरणे घेऊन मुले तेथे येतात.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. प्रारंभीची काही वर्षे आमची रीतच चुकीची होती. मुलाने वही पुढे करावी, आम्ही उदाहरण झरझर सोडवावे आणि त्याने ते उतरवून घ्यावे, असा क्रम चाले. वह्या निर्दोष झाल्या; परीक्षेत मात्र आकडे बदललेले तेच उदाहरण मुलांना सुटेना. आईवडिलांनी विश्वासाने धाडलेल्या मुलांचे आम्ही नुकसानच करीत होतो.

एका विद्यार्थिनीने आमचे डोळे उघडले. उदाहरण साधे होते. 30 अंशांच्या गुळगुळीत उतरणीवर 10 किलोग्रॅमची पेटी आहे. तिला खाली ओढणारे बल किती? मुलीने वजनाला कोसाइनने गुणले. कारण विचारता ती म्हणाली, "काका, आडव्याला कोसाइन आणि उभ्याला साइन, असे तुम्हीच सांगितले होते ना?" नियम आमचाच होता. कोन कोणत्या रेषेशी मोजला आहे ते आधी पाहावे, हे सांगावयाचे मात्र राहून गेले होते.

त्या दिवशी आम्ही उत्तर सांगितले नाही. गणपतीची मूर्ती हातगाडीवरून चढविण्यासाठी पायऱ्यांवर आपण फळी टाकतो, ती तिला आठवावयास सांगितली.

"फळी जमिनीवर सपाट ठेवली तर गाडी घसरेल का?"

"नाही."

"म्हणजे कोन शून्य असता बलही शून्य हवे. शून्य अंशाचा कोसाइन किती?"

"एक," ती म्हणाली, क्षणभर थांबली, आणि कोसाइन खोडून तिने साइन लिहिले. 10 गुणिले 9.8 गुणिले अर्धा, म्हणजे 49 न्यूटन. ते उत्तर तिचे स्वतःचे होते.

तेव्हापासून वर्गाचा शिरस्ता बदलला. आधी आकृती, मग काय दिले आहे आणि काय काढावयाचे आहे, शेवटी कोन शून्य वा नव्वद मानून उत्तराची परीक्षा. पेन्सिल सर्वकाळ मुलाच्याच हाती.

मुलांच्या शाळेत हे विषय हिंदीत वा इंग्रजीत शिकविले जातात, म्हणून घरी मराठीत ते समजावता येणार नाहीत, असे पुष्कळ पालकांना वाटते. हा संकोच अनाठायी आहे. साइन या शब्दाचेच पाहा. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास अर्धज्यांची कोष्टके दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तीच ज्या अरबीत 'जीबा' झाली, पुढे 'जैब' अशी वाचली गेली, बाराव्या शतकात लॅटिनमध्ये तिचे 'सायनस' असे भाषांतर झाले आणि त्यातून साइन निघाला. दूरदेशी रूप पालटलेला हा शब्द मूळचा आपल्याच घरचा आहे.

शेवटी एकच विनंती. सभासदांनी आठवड्यातील एक संध्याकाळ या वर्गास द्यावी. गणित विसरले असले तरी चिंता नाही. मुलाशेजारी बसून "आकृती काढलीस का?" एवढे विचारता आले, की पुरे.