आधी मोड, मग अंकुरण



अभनपूरचे मराठी मूल घरी मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी बोलते. मटकीला आलेले मोड आणि शेतात उगवणारे धान त्याने पाहिलेले असते. तरीही पुस्तकातील ‘अंकुरण’ त्याला परके वाटते. १९७२ मध्ये, हा प्रदेश मध्य प्रदेशात असताना, होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथे मुले आधी स्वतः करून पाहत, मग आपल्या शब्दांत लिहीत. मोड आणि अंकुर एकच, हे उमगले की विज्ञान व भाषा दोन्ही रुजतात. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, मुलाचा छत्तीसगढी शब्द खोडू नका. त्याच्याशेजारी मराठी शब्द लिहा. मराठी टिकेल ती अशीच.