बदामांच्या डावांत सर्वस्व पणास लावणें

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत जो अधिक हात करील तो वरचढ ठरतो. मेंढीकोट खेळणारास तर दश्श्या कशा पकडाव्या याचीच विवंचना असते. ‘हार्ट्‌स’ नांवाचा खेळ याच्या उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो अमेरिकेंत रूढ झाला, आणि १९९२ सालीं विंडोज या संगणक-प्रणालीच्या एका आवृत्तींत त्याचा समावेश झाल्यापासून तो जगांत सर्वत्र पोंचला. यांत चार खेळाडू असून प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो. हुकूम नसतो. हातांत आलेल्या प्रत्येक बदामाचा १ व इस्पिकच्या राणीचे १३, असे एकंदर २६ गुण दंडाचे. कोणाचे तरी १०० गुण भरले म्हणजे खेळ संपतो, आणि ज्याचा दंड सर्वांत कमी तो जिंकतो.

परंतु या नियमास एक विलक्षण अपवाद आहे. एकाच खेळाडूनें तेराही बदाम आणि ती राणी घेतली, तर त्याचा दंड शून्य होऊन उरलेल्या तिघांवर प्रत्येकीं २६ गुण बसतात. इंग्रजींत या प्रयत्नास चंद्रावर नेम धरणें म्हणतात. नेम साधला तर उत्तम. एक बदाम जरी दुसऱ्याकडे गेला, तरी २५ गुण स्वतःच्या माथीं येतात.

हें साहस केव्हां करावें, याचा हिशेब मांडतां येतो. साधलें तर खेळाडू इतरांच्या २६ गुणांनीं पुढें जातो. एका बदामानें फसलें तर त्यांच्या सरासरीहून सुमारें २५ गुणांनीं मागें पडतो. म्हणजे हातीं सामान्य पानें असतां यशाची शक्यता निम्म्याच्या आसपास असल्याखेरीज या भरीस पडूं नये. पण पानें इतकीं जड असलीं कीं सावधपणें खेळूनही १५ गुण चुकत नाहींत, तर गोष्ट बदलते. तेव्हां चारांत एक वेळां यश येण्यासारखें असलें तरी प्रयत्न तोट्याचा ठरत नाहीं. वाईट पानें आलेल्यानेंच धाडस करावें, यांत विसंगति नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं यासाठीं सारे तेरा हात करावे लागतात. तसें नाहीं. चौदा गुणांचीं पानें तेवढीं आपल्याकडे आलीं पाहिजेत. गुण नसलेला हात दुसऱ्यास गेला तरी हरकत नाहीं. समजा, एकाजवळ बदामाचीं एक्का, राजा, राणी व गुलाम हीं चार पानें. किलवरचीं एक्क्यापासून नव्वीपर्यंत सलग सहा. इस्पिकचीं एक्का व राजा. आणि चौकटची एकटी दुर्री आहे. दुर्री सोडली तर यांतलें प्रत्येक पान हात करणारें आहे. खेळ किलवरच्या दुर्रीनें सुरू होतो, व पहिल्या हातावर गुणाचें पान टाकूं नये असा प्रघात आहे. म्हणून पुष्कळ जण त्याच वेळीं किलवरचीं मोठीं पानें मोकळीं करतात. तेव्हां आपला एक्का टाकून हात घेतल्यास कोणासही संशय येत नाहीं. त्यानंतर लगेच चौकटच्या दुर्रीची उतारी करावी. सर्वांजवळ चौकट असण्याचा संभव त्या वेळीं सर्वांत अधिक, म्हणून तो हात बहुधा गुणांवांचून जातो. हीच दुर्री शेवटपर्यंत राखली, तर तिच्यावर कोणी जपून ठेवलेला बदाम पडेल आणि सारा डाव फुकट जाईल.

पानांच्या अदलाबदलींतही हीच दृष्टि हवी. बदामाची सत्ती, अठ्ठी अशीं मधलीं पानें या बेताचीं खरीं शत्रु. तीं हात करीत नाहींत, आणि दुसऱ्याच्या हातावर टाकावीं तर आपणच त्यास गुण दिल्यासारखें होतें. म्हणून बदामांचा रंग वरून सलग वा फार लांब नसेल, तर हीं पानें आधींच बाहेर काढावीं. शक्य असेल तर इस्पिकच्या राणीच्या पूर्वीं बदाम घ्यावे. चार-पांच बदामांवर बेत फसला तर नुकसान थोडें होतें, राणी गळ्यांत पडल्यावर मात्र माघार महाग पडते. आणि दुसऱ्यानें एक बदाम नेला कीं त्याच क्षणीं बेत सोडून उरलेले हात टाळावे. हट्टानें पुढें जाणाराचीच हानि अधिक होते.

गुणपत्रकाकडे न पाहतां मिळवलेलें यश घातकही ठरतें. समजा, साहस करणाराचे ७० व इतरांचे ८०, ६० आणि ४० आहेत. नेम साधला तर ते १०६, ८६ आणि ६६ होतील. खेळ तेथेंच संपेल आणि ६६ वाला जिंकेल. ज्यानें पराक्रम केला तो ७० गुणांवर हरेल. कांहीं ठिकाणीं इतरांवर २६ चढविण्याऐवजीं स्वतःचे २६ कमी करण्याची मुभा असते. ती असेल तर अशा वेळीं तीच घ्यावी.

उरलेल्या तिघांचें कर्तव्यही सोपें नाहीं. सर्व गुण एकाच्याच पुढें सांठूं लागले व तो मोठ्या पानांनीं हात ओढूं लागला, कीं सावध व्हावें. अशा वेळीं कोणीं तरी एक-दोन गुणांचा दंड सोसून एक बदाम नेला पाहिजे. पण दुसरा नेईल या आशेवर प्रत्येक जण आपलें मोठें पान आधींच फेंकून देतो, आणि शेवटीं तिघांवरही २६ गुण चढतात. म्हणून बदामाचें एखादें मोठें पान, आणि त्याच्या रक्षणास एक-दोन लहान बदाम, हीं संशय फिटेपर्यंत सोडूं नयेत. चार गुण वांचविण्याच्या लोभानें तें पान टाकणाराच बहुधा समोरच्याचा नेम साधून देतो.