एकाचा प्रश्न, लाखांचा हिशेब



मूत्रपिंडविकाराच्या डॉक्टरला २०२१ साली कोविडचं लसीकरण सुरू झाल्यापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो: ‘डॉक्टर, हे लशीनं झालं का हो?’ विचारणाऱ्याला हो किंवा नाही, एवढंच ऐकायचं असतं. पण समोरच्या एकट्या रुग्णापुरतं बोलायचं, तर बहुतेक वेळा यातलं कुठलंच उत्तर ठामपणे देता येत नाही. ते का देता येत नाही, आणि तरीही या बाबतीत आपल्याला बरंच काही कळलेलं आहे ते कसं, एवढाच आजचा विषय.

आधी अवयव समजून घेऊ. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, उरलेला पुन्हा रक्तात शोषला जातो. गाळणीनं दोन गोष्टी अडवायच्या असतात: रक्तपेशी आणि प्रथिनं. प्रथिनं गळू लागली की लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या सुजतात, संध्याकाळी पाय जड होतात. रक्तपेशी गळाल्या की लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. आज ज्या आजारांबद्दल बोलायचं, ते मुख्यतः या दोन प्रकारांत बसतात.

२०२१ मध्ये इस्रायलमधून एक नोंद प्रसिद्ध झाली. पन्नाशीच्या एका निरोगी माणसाचे पाय फायझरच्या लशीच्या पहिल्या डोसनंतर चारच दिवसांत सुजू लागले. बायॉप्सीत ‘मिनिमल चेंज डिसीज’ निघाला. या आजारात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळणी जवळजवळ निरोगी दिसते. बिघाड दिसतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. स्टेरॉइड सुरू केल्यावर त्याची तब्येत सुधारू लागली. त्याच वर्षी अमेरिकेतून ‘आयजीए नेफ्रोपथी’च्या दोन रुग्णांची हकीकत आली. आजार आधीचाच होता. मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दिवसभरात लघवी लाल झाली आणि थोड्याच दिवसांत पूर्ववत झाली. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतरही अशा तुरळक नोंदी झाल्या. पुण्यात तयार झालेली आणि आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशिल्ड ही त्याच घडणीची, म्हणून हा विषय आपल्यापासून लांबचा नाही.

असं घडू शकतं का? शक्यता नक्कीच आहे. लशीचं कामच मुळी प्रतिकारशक्तीला जागं करण्याचं. ज्याच्या शरीरात त्या शक्तीचा रोख आधीच थोडा चुकलेला आहे, त्याच्यात ती जागी होताना गाळणीलाही झळ लागू शकते. साध्या सर्दी-पडशातही हेच घडतं. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे प्रथिनं गळून सूज येण्याचा आजार, असलेल्या मुलाला सर्दी झाली की आजार उलटतो, हे त्याच्या आईला डॉक्टरच्या आधी कळतं. आयजीएच्या रुग्णाचा घसा धरला की पाठोपाठ लघवी लाल होते.

मग बायॉप्सी करून छडा का लागत नाही? कारण बायॉप्सीत इजा दिसते, इजा करणारा दिसत नाही. लशीनंतरचा मिनिमल चेंज आणि एरवीचा मिनिमल चेंज सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच. रक्ताची अशी कुठलीही तपासणी नाही, जी दोघांना वेगळं काढील. तारखा जुळतात, एवढंच आपल्या हाती असतं.

आणि तारखा आपोआपही जुळतात. एखादा आजार दर वर्षी लाखात एकाला होतो असं धरा. म्हणजे एक कोटी लोकांत वर्षाला शंभर जणांना. आता त्या कोटी लोकांना एकाच दिवशी नुसतं सलाइनचं पाणी टोचलं, तरी पुढच्या महिन्याभरात त्यांच्यातले आठ-नऊ जण त्या आजारानं आजारी पडणारच. त्या प्रत्येकाला आपलं इंजेक्शन आठवेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. भारतात जुलै २०२२ पर्यंत दोनशे कोटी डोस दिले गेले. एवढ्या पसाऱ्यात कुठल्याही आजाराची गाठ लशीशी पडल्यावाचून राहणार नाही. म्हणून खरा प्रश्न असा करावा लागतो: एरवी होतात त्यापेक्षा रुग्ण जास्त झाले का?

हा हिशेब दोन ठिकाणी नीट मांडला गेला. स्वित्झर्लंडमध्ये देशभरातल्या बायॉप्सींच्या नोंदी तपासल्या. लसीकरण जोरात चालू असताना गाळणीदाहाचे नवे रुग्ण आधीच्या वर्षांच्या मानानं वाढले नव्हते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वेगळ्या लोकांकडे पाहिलं: ज्यांना असा आजार आधीपासून आहे, असे १,१०५ प्रौढ. पहिल्या डोसनंतर आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर ते सुमारे दुपटीनं वाढलं. दुप्पट म्हटलं की छातीत धस्स होतं. प्रत्यक्षात महिन्याभराच्या जोखमीतली ही भर आजाराच्या प्रकारानुसार शंभरात एक-दोन ते तीन-पाच जणांची होती. जास्त भर आयजीएच्या आणि ल्युपस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, आजाराच्या रुग्णांत. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र उमटतं: निरोगी माणसाला नवा आजार जडण्याची शक्यता असलीच तर इतकी थोडी की एका देशाच्या मोजणीत उठून दिसली नाही, मात्र जुना आजार डोकं वर काढण्याचा धोका, लहान असला तरी, खरा आहे.

मग अशा रुग्णांनी लस टाळावी का? उलट, त्यांनाच ती जास्त लागते. नेफ्रोटिक मुलाच्या पोटात पाणी साठलं की न्यूमोकोकस जंतू तिथं शिरून जिवावर बेतू शकतं. म्हणून त्या जंतूची लस त्याला आवर्जून देतात. डायलिसिसवरच्या माणसाला हेपटायटिस बीची लस एरवीच्या दुप्पट मात्रेत देतात. कोविडनं तर स्वतःच कितीतरी मूत्रपिंडं निकामी केली. पथ्य पाळायचं ते वेळेचं: मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असताना गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लशी पुढे ढकलतात. आजार उसळलेला असेल तर पुढचा डोस कधी घ्यायचा, हे आपल्या डॉक्टरला विचारून ठरवावं.

व्यवहारात करायचं ते सोपं आहे. जुना आजार असेल तर लशीनंतर काही आठवडे लघवीची साधी तपासणी करून घ्या. निरोगी माणसाला त्याची गरज नाही. पण सूज, फेस किंवा लाल लघवी दिसली तर ‘लशीचा ताप असेल’ म्हणून घरी थांबू नका. उपचारासाठी कारण ठरण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि मिनिमल चेंजसारखे आजार बहुतेकदा स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद देतात.

आणखी एक काम. आपल्याकडे लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना नोंदवण्याची सरकारी व्यवस्था आहे, त्या तपासणाऱ्या समित्या जिल्ह्यापासून देशपातळीपर्यंत आहेत. काही डॉक्टर नोंद टाळतात, लोक लशीला घाबरतील म्हणून. मला हे पटत नाही. नोंदच नसेल तर स्वित्झर्लंडसारखी मोजणी आपण कशाच्या आधारे करणार, आणि ‘वाढ नाही’ असं कोणत्या तोंडानं सांगणार? तेव्हा तुमच्या घरात असं काही घडलं, तर आशाताईंना, आरोग्य केंद्राला, डॉक्टरांना सांगा आणि नोंद झाली की नाही हे विचारा. लशीनंच झालं याची खात्री होईपर्यंत थांबू नका; ती खात्री अशा नोंदी जमल्यावरच होते.