दूध कोणाच्या वाट्याला?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणक आणि उद्याचं जग या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. कारण आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षभरात सगळ्यात मोठं भांडण झालं ते राजकारणावरून नाही, दुधावरून! एक म्हणतो, माणूस सोडला तर कुठलाच प्राणी मोठेपणी दूध पीत नाही, म्हणजे दूध वाईटच. दुसरा म्हणतो, देशी गाईचं ए-२ दूध म्हणजे अमृत. तिसरी म्हणते, पिशवीतलं सगळं भेसळीचं. मी त्यात एक शब्दही लिहिला नाही. आज बोलते, कारण या वादाची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, मी शाळेत यायच्या आधी दुधाचा रतीब घालत असे. इथे बसलेल्या दोन बाईंच्या घरीही मीच दूध घालायचे. गोठ्यात एक म्हैस आणि दोन गावठी गाई. आपल्या त्या बुटक्या गावठी गाईला आता 'कोकण कपिला' म्हणून जातीची नोंद मिळाली आहे, पण तेव्हा ती जेमतेम दोन-अडीच लिटर द्यायची. वासराचं झालं की उरलेलं रतिबाला. घरात राहायचं त्यातलं पेलाभर भावाला, थोडं बाबांच्या चहाला. मला ताक. आणि आई कोरा चहा प्यायची. तिला कोणी दूध नको म्हटलं नव्हतं. दूध विकलं की फीचे पैसे सुटायचे, एवढाच हिशेब. आम्ही माळकरी, त्यामुळे घरात मासळी नाही, अंडं नाही.

पुढे मी इंजिनिअर झाले, पुण्यात स्थिरावले. काही वर्षांपूर्वी एक व्हिडिओ बघितला, दूध कसं शरीराला घातक आहे असा. बोलणारा इंग्रजीत आणि आत्मविश्वासाने बोलत होता. मी दूध, दही, ताक सगळं सोडलं. पहिलं दीड-दोन वर्ष छान वाटलं. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या, थकवा येई, नावं विसरायला होई. रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळजवळ मिळतच नाही. मासे, मटण, अंडी आणि दूध यांतूनच ते येतं. शरीर यकृतात त्याचा साठा ठेवतं, म्हणून तोटा लगेच कळत नाही. मी कामात एखादा भाग काढून टाकण्याआधी त्यावर काय काय अवलंबून आहे ते तपासते. स्वतःच्या ताटाच्या बाबतीत मात्र तपासलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कोणाला असा त्रास आहे? तेव्हा मला आई आठवली. "पाय बधिर झालेत गो, वयाचं आहे," असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. तिचं रक्त तपासलं. माझ्यापेक्षाही कमी निघालं. आता ती इंजेक्शनं घेते, बरीच सुधारली आहे, पण पायाच्या बोटांची जाणीव पूर्ण परत आलेली नाही. आयुष्यभर जिने गावाला दूध पुरवलं, तिची ही गोष्ट.

म्हणून मी वाचायला बसले. जे कळलं ते थोडक्यात सांगते.

आधी ए-१ आणि ए-२. दुधातलं बीटा-केसीन हे प्रथिन म्हणजे २०९ दुव्यांची साखळी. तिच्यातला ६७ वा दुवा वेगळा असला की दूध ए-१, नाहीतर ए-२. ए-१ पचताना सुटणारा एक तुकडा आजार करतो, अशी शंका होती. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळा पुरावा तपासला आणि आजाराशी कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए-१, ए-२ चे दावे वेष्टनावरून काढा असा आदेश दिला आणि पाच दिवसांत तो मागेही घेतला. गंमत म्हणजे म्हशीचं दूधही ए-२ च असतं. म्हणजे दुप्पट-तिप्पट भावाने जे बाटलीतून विकतात, ते सावर्ड्यात आपण लहानपणापासून पीत आलो! देशी गाय जरूर पाळा, ती आपल्या पावसात टिकते, पण औषध म्हणून नको.

दुसरं, 'मोठेपणी दूध पचत नाही'. यात तथ्य आहे. दुधातली साखर पचवणारं विकर जगातल्या बहुसंख्य माणसांत लहानपणानंतर कमी होतं. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, जुलाब होत असतील तर तो तुमचा दोष नाही. पण विरजण लावलं की तिथले जिवाणू ती साखर बरीचशी संपवतात. आपल्या आज्यांनी दुधापेक्षा दह्याताकावर भर दिला, तो अडाणीपणा नव्हता.

तिसरं, 'दुधाने हाडं मोडतात'. २०१४ साली स्वीडनमध्ये एक मोठा अभ्यास झाला. दिवसाला तीन किंवा जास्त पेले दूध पिणाऱ्या बायकांत हाडं मोडण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. संशोधकांनी स्वतःच सांगितलं की यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. आणि तीन पेले! आमच्या वाडीत तीन पेले दूध पिणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

चौथं, भेसळ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला धोकादायक भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून, चाऱ्यातून. ज्यांच्या गोठ्यात पावसाळ्यात पेंडीची पोती ओल धरतात, त्यांनी हे मनावर घ्यावं. उकळून हे विष जात नाही. निरसं दूध मात्र पिऊ नका, क्षय आणि ब्रुसेला यांचे जंतू त्यातून येऊ शकतात. तिथे उकळणं हाच उपाय.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. ज्या आया दूध, पालेभाजी, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. त्याच गावांत बहुसंख्य आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. २००६ पासून मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. सरसकट सगळ्या बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. पण गरोदर राहण्याच्या तीन महिने आधीपासून ज्यांनी तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने भरली. गरोदरपणातला मधुमेहही साधारण १२ टक्क्यांऐवजी ७ टक्के बायकांत दिसला. आणि इथे, आपल्या शेजारी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या वाढीचा अभ्यास चालला आहे, कारण उद्याच्या बाळाचं आरोग्य आजच्या या मुलींच्या ताटात ठरतं.

म्हणजे आपण ग्रुपवर दूध चांगलं की वाईट यावर भांडत होतो, पण विचारायचं होतं वेगळंच. दूध कोणाला, किती, आणि त्याच्या जागी काय? ज्याच्या ताटात मासळी, अंडी आहेत आणि नाचणीची भाकरी आहे, त्याचं दुधावाचून अडत नाही. नाचणीत वजनाला वजन दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट कॅल्शियम आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचंच दूध. त्यानंतरही नुसत्या गाईच्या दुधावर वाढवलेलं बाळ लोह कमी पडून फिकं पडतं. कोणी प्राण्यांसाठी दूध सोडलं असेल, तर त्याचा मान राखते, पण बी-१२ ची गोळी सोडू नका. आणि जी शाकाहारी बाई घरातल्या सगळ्यांना वाढून उरलं तर घेते, तिच्यासाठी पेलाभर दूध किंवा वाटीभर दही ही चैन नव्हे.

आज इथून घरी गेलात की वाद घालू नका. फक्त एक दिवस बघा, पातेल्यातलं दूध कोणाच्या पेल्यात जातं. लेकीच्या जातं का? सुनेच्या? आईच्या? आणि आईला पायांना मुंग्या येत असतील, तर "वय झालं" म्हणू नका, रक्त तपासा.

मी आता रोज ताक घेते, महिन्याच्या गोळ्या घेते. आई सकाळी दुधाचा चहा पिते. पहिल्यांदा दिला तेव्हा म्हणाली, "एवढं दूध कशाला गो घातलंस, कोणाला तरी झालं असतं." तुमच्याही घरी हे वाक्य कोणीतरी म्हणतच असेल. त्या बाईच्या हातात पेला द्या आणि ती पिईपर्यंत तिथेच बसा.